विमा आहे, संरक्षण किती?

यवतमाळच्या निवृत्त शिक्षकास कॅनडातील नातवंडांजवळ एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येते. मात्र २०११ च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘सुपर व्हिसा’साठी किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, वर्षभराचा आरोग्यविमा दाखवावा लागतो. पाहुण्यांच्या इस्पितळाचा भार तेथील करदात्याने का सोसावा, हा प्रश्न रास्तच आहे. आपली महात्मा फुले योजना तेथे कामास येत नाही. परंतु हप्ता वयाबरोबर चढतो आणि मधुमेह, रक्तदाब हे जुने विकार पुष्कळ विमापत्रांत वगळलेले असतात! जानेवारी २०२५ पासून कॅनडाबाहेरील मान्यताप्राप्त कंपन्यांचा विमाही ग्राह्य धरला जातो. त्याने निवड वाढली. वगळलेल्या विकाराचे बिल मात्र मुलाच्याच पगारातून भागवावे लागते.