काटा लाल होण्याआधी



आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरांची चूल ट्रकच्या चाकावर चालते. कोणाचा नवरा ड्रायव्हर, कोणाचा मुलगा क्लीनर, तर कोणी कर्ज काढून स्वतःची गाडी घेतलेली. गाडी घाटात तापून उभी राहिली की तिकडे भाडे बुडते आणि इकडे हप्ता थकतो. म्हणून आज गाडीच्या तापण्याविषयी आणि केबिनच्या एसी-हीटरविषयी लिहितो. लोक ही दोन दुखणी वेगळी समजतात. पण एसी बिघडला असे वाटते तेव्हा पुष्कळदा रोग इंजिनाच्या पाण्यात असतो.

माझ्या भाच्याचीच गोष्ट सांगतो. भिवंडीहून माल भरून तो नाशिककडे जातो. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या गाडीचा एसी सपाटीवर चांगला गार चाले, पण कसारा घाटाचा चढ लागला की गरम वारा सुटे. गॅरेजवाल्याने दोनदा गॅस भरला, दोनदा पैसे घेतले. तिसऱ्या खेपेला तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला. गाडी कडेला लावताच क्लीनर पोराने फडके धरून रेडिएटरचे झाकण फिरवले. उकळते पाणी उसळले आणि त्याचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. पोर अवघे एकोणीस वर्षांचे!

असे का झाले? रेडिएटरचे झाकण म्हणजे प्रेशर कुकरच्या शिटीसारखे असते. ते आत दाब धरून ठेवते. साधे पाणी १०० अंशांना उकळते, पण दाबामुळे आणि कूलंटमुळे आतले पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण उघडले की दाब जातो आणि सगळे पाणी एकदम उकळून अंगावर येते. म्हणून गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नका. निदान पाऊण तास थांबा. वरचा होज पाइप हाताला थंड लागला तरच हात लावा. कोणी भाजलेच, तर भाग २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका, आणि दवाखान्यात न्या.

रविवारी भाचा गाडी घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "मामा, एकदा एसीच बदलून टाकू का?" मी म्हटले, "आधी गाडीला विचारू, मग खिशाला."

गाडीला विचारायचे ते असे. केबिनचा हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. इंजिनाचे गरम पाणी त्यातून फिरते. एसीचा कंडेन्सर बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या पुढेच असतो. त्यामुळे दोघांना एकच हवा लागते. शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांत पाणी मर्यादेबाहेर तापले की इंजिन वाचावे म्हणून संगणक आपणहून एसीचा कंप्रेसर बंद करतो. अशा वेळी कितीही गॅस भरा, एसी घाटात बंदच पडणार. म्हणून एसी केव्हा बंद पडतो आणि त्या वेळी काटा कुठे असतो, हे दोन्ही एकत्र पाहा.

आता खुणा सांगतो. बऱ्याच गाड्यांत कामाचे तापमान साधारण ८० ते ९५ अंश असते.

काटा वर चढला, पण हीटर लावल्यावर वारा थंडच येतो: पाणी कमी झाले आहे किंवा पाइपात हवा अडकली आहे. गळती शोधा.

उभ्या गाडीत किंवा गर्दीत काटा चढतो, पळू लागली की उतरतो: हवा कमी पडते. फॅन बेल्ट आणि फॅनचा क्लच पाहा. इंजिन बंद आणि चावी खिशात असल्याशिवाय पंख्याला हात लावू नका.

चढावर ओझ्याने काटा चढतो, सपाटीवर ठीक: रेडिएटर आतून किंवा बाहेरून तुंबला आहे, नाहीतर वॉटर पंप थकला आहे.

वरचा होज तापलेला, खालचा थंड: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे किंवा रेडिएटर आतून बंद आहे.

काटा वर येतच नाही, हीटरही कोमट: थर्मोस्टॅट उघडा राहिला आहे.

काटा अचानक उड्या मारतो: सेन्सर किंवा वायर तपासा. पाणी एका क्षणात तापत नाही आणि एका क्षणात निवतही नाही.

थंड इंजिन चालू करताच रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, किंवा इंजिन ऑइल दुधाळ दिसते: हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्या. गाडी पुढे हाकू नका.

भाच्याच्या गाडीत पाणी पुरेसे होते, हीटर कडक गरम होता, दोन्ही होज तापत होते, बुडबुडे नव्हते. म्हणजे पाणी फिरत होते, उष्णता बाहेर पडत नव्हती. मी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बॅटरीचा उजेड टाकला. धूळ, भुसा आणि किडे यांचा नुसता गालिचा बसला होता! पुढून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसे. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हलक्या दाबाने पाणी मारून ती साफ केली. दाब जास्त असेल तर पातळ पत्रे वाकतात. नवा सुटा भाग एकही लागला नाही. पुढच्या फेरीला कसारा चढेपर्यंत एसी चालू राहिला.

घाटात काटा चढू लागलाच, तर एसी बंद करा, हीटर आणि ब्लोअर पूर्ण चालू करा, गिअर उतरवा. हीटरमुळे इंजिनाची थोडी उष्णता बाहेर जाते. तरीही काटा उतरला नाही, तर सुरक्षित जागी थांबा. वाफ निघत असेल तर इंजिन लगेच बंद करा. तापल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेड तडकते.

दोन वाईट सवयी सोडायला हव्यात. पहिली, थर्मोस्टॅट काढून फेकण्याची. त्याने इंजिन थंड राहते आणि डिझेल जास्त खाते. काही इंजिनांत तर गरम पाण्याची आडवाट उघडी राहून गाडी उलट जास्त तापते. दुसरी, कूलंटऐवजी वर्षभर विहिरीचे किंवा नळाचे पाणी भरण्याची. त्याने आत क्षार आणि गंज साचतो, लायनरला खड्डे पडतात. कंपनीच्या पुस्तकात सांगितलेले कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून वापरा.

घरातील आया-बहिणींनाही एक सांगणे. कूलंट चवीला गोड पण विषारी असते. ते पाण्याच्या बाटलीत कधी ठेवू देऊ नका. लहान मुलाच्या पोटात गेले तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने नियम काढला, की १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, एकूण वजन साडेतीन टनांहून जास्त असलेल्या मालवाहू गाड्यांची केबिन वातानुकूलित असावी. ड्रायव्हरच्या जिवासाठी हे चांगलेच झाले. पण एसी आला म्हणजे त्याच्या नावावर पैसे उकळणारेही आले. आपल्या मुलांना खुणा ठाऊक असतील तर त्यांना कोणी सहज फसवणार नाही.

त्या क्लीनर पोराचा हात आता बरा आहे, डाग मात्र राहिला. रोज सकाळी इंजिन थंड असताना तोच पाण्याची पातळी पाहतो आणि वहीत लिहून ठेवतो. परवा भाच्याला म्हणाला, "दादा, तीन दिवसांत बोटभर पाणी उतरलंय, कुठंतरी गळतंय." शोधले तर एका होजचा क्लॅम्प ढिला निघाला. पाना फिरवला आणि काम झाले.