पायरीवर अडलेली समता

शिवाजी पार्कने समतेच्या असंख्य घोषणा ऐकल्या आहेत. पण तेथे फिरावयास आलेल्या, चाकाच्या खुर्चीतील माणसाने मैदानाबाहेर चहा कोठे घ्यावा? जातीच्या नावाने उपाहारगृहाचे दार कोणालाही बंद करता येणार नाही, असे संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने बजावले. दारापुढच्या दोन पायऱ्या मात्र माणसाला बिनबोभाट बाहेर ठेवतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने लोकांच्या वापरातील जुन्या इमारती, खाजगीसुद्धा, सुगम करण्यास पाच वर्षे दिली. नियम जून २०१७ मध्ये आले. मुदत २०२२ मध्येच सरली. ‘उचलून आत घेऊ’ ही दया झाली, हक्क नव्हे! फूटभर उंचीला बारा फुटांची उतरण, एवढेच हे गणित. परवाना देणाऱ्या महापालिकेने ते सोडवून घेतलेच पाहिजे.