मास्क मापाचा हवा

बाई घोरते, ही गोष्ट आपल्याकडे मोठ्यानं कुणी बोलत नाही. पुरुष घोरत असेल तर चारचौघांत त्याची थट्टा होते आणि विषय संपतो. बाईनं मात्र लग्नघरी सतरंज्यांवर सगळ्याजणी रांगेनं झोपल्या की आपली चादर कोपऱ्यात न्यायची आणि सगळ्यांना झोप लागल्यावर डोळे मिटायचे. मीही हेच करत आले. सकाळी डोकं ठणकायचं, रात्री लघवीला उठावं लागायचं, दुपारी कागद हातात असताना डोळे मिटायचे. पाळी गेल्यावर असं होतंच, असं सगळ्या म्हणायच्या. गोळी सुरू असूनही रक्तदाब उतरेना. शेवटी मुलगी काही दिवस माझ्या खोलीत झोपली आणि म्हणाली, ‘आई, तुझा श्वास मध्येच थांबतो. मी जागी राहून पाहिलंय.’

स्लीप ॲप्निया हा असा आजार आहे की ज्याला होतो त्याला तो दिसत नाही, शेजारी झोपणाऱ्याला दिसतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते आणि श्वासाची वाट बंद होते. छाती हलत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागं करतो, मोठा आवाज करत श्वास सुटतो आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्यातलं काही आठवत नाही. श्वास किमान 10 सेकंद थांबला किंवा फार मंदावला, की त्याची नोंद होते. तासाला 5 ते 15 नोंदी म्हणजे सौम्य, 30च्या वर म्हणजे तीव्र आजार. रक्तदाब, हृदयाचे अनियमित ठोके आणि पक्षाघात यांच्याशी त्याचा संबंध आहे. 2022 साली संगीतकार बप्पी लाहिरी गेले तेव्हा डॉक्टरांनी हेच नाव घेतलं आणि ते घराघरांत पोचलं. पण डोळ्यांसमोर उभा राहिला तो जाडजूड, घोरणारा पुरुषच. पाळी गेल्यानंतर बायकांमध्येही हा आजार वाढतो. त्यांची तक्रार बऱ्याचदा थकवा, डोकेदुखी, झोप न लागणं, उदास वाटणं अशी असते. मग उपचारही त्या तक्रारींवरच होत राहतात.

माझी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतली तपासणी, झाली आणि सीपॅप मशीन घरी आलं. हे मशीन ऑक्सिजन देत नाही. खोलीतलीच हवा ते ठरावीक दाबानं नाकातून आत सोडतं आणि त्या दाबामुळे घशाची वाट उघडी राहते. कोविडनंतर तोंडावर मास्क आणि नळी दिसली की आपल्या पोटात गोळा येतो. ‘व्हेंटिलेटर लावलाय का?’ असं शेजारच्या काकूंनी मला हळूच विचारलं होतं. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी 1980 साली सीपॅपचा हा उपाय पहिल्यांदा रुग्णावर वापरला आणि 1981 साली ‘द लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले. त्याआधी तीव्र आजारावर खात्रीचा इलाज म्हणजे गळ्याला भोक पाडणं. सुरुवातीच्या रुग्णांचा मास्क रोज रात्री चेहऱ्याला चक्क चिकटवावा लागायचा. तिथून आपण उशाशी मावणाऱ्या मशीनपर्यंत आलो आहोत.

तरीही कितीतरी घरांत हे मशीन महिन्याभरात माळ्यावर जातं. ‘मला ते जमलं नाही,’ असं लोक अपराधी चेहऱ्यानं सांगतात. इथेच मला बोलायचं आहे. मशीन पोचवायला आलेल्या मुलानं मला बटण कुठलं ते दाखवलं, सही घेतली आणि तो गेला. त्या रात्री जीव घुसमटला. श्वास सोडताना समोरून कुणी ढकलतंय असं वाटत होतं. मास्कच्या कडेनं हवा डोळ्यांत जात होती, सकाळी घसा कोरडा आणि पोट हवेनं फुगलेलं. हळूहळू सवय होईल, सोसा थोडं, असं सगळे सांगत होते. सोसणं आम्हा बायकांना शिकवावं लागत नाही. पण हवा गळणारा मास्क कितीही सोसला तरी गळतच राहतो.

उत्तर मिळालं ते झोपेच्या दवाखान्यातल्या तंत्रज्ञ ताईंकडे. त्यांनी आधी मला पलंगावर आडवं केलं आणि मशीन सुरू केलं. बसल्यावर गाल एका जागी असतात, आडवं झाल्यावर सरकतात, म्हणून मास्क झोपूनच बसवायचा. मी पट्टे करकचून आवळले होते, त्यांनी ते सैल केले. मास्कची गादी हवेनं फुगली, चेहऱ्यावर नीट टेकली आणि डोळ्यांत येणारी हवा थांबली. मग त्या म्हणाल्या, ‘चमकी काढा.’ नाकातली चमकी गादीला उचलून धरत होती. झोपताना लावलेल्या क्रीमवरून सिलिकॉन घसरत होतं, तेलकट केसांवरून पट्टा सरकत होता आणि अंबाड्यामुळे तो जागेवर बसत नव्हता. माहितीपत्रकातल्या कुठल्याच चित्रात चमकी किंवा अंबाडा नाही. आता मी रात्री सैल वेणी खांद्यावर घेते आणि तेल सुट्टीच्या सकाळी लावते. ब्लाउज शिंप्याकडून अंगावर बसवून घेतो, तसाच मास्कही बसवून घ्यायचा असतो.

बाकीच्या त्रासांवरही उपाय होते. झोप लागेपर्यंत कमी दाब ठेवणारी रॅम्पची सोय मशीनमध्येच असते. घसा कोरडा पडतो त्यावर हवा दमट करणारा ह्युमिडिफायर, त्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं. पोट फुगत असेल तर डॉक्टरांना सांगून दाब पुन्हा तपासून घ्यायचा. घुसमट होत असेल तर दिवसा टीव्ही बघताना मास्क लावून बसायचं, म्हणजे मनातली भीती उतरते. गादी रोज पुसायची. ज्या रात्री मशीन लावलं तेवढ्याच रात्रीपुरता गुण, म्हणून दुपारच्या डुलकीलाही ते हवं. सकाळची डोकेदुखी गेली तेव्हा ती इतकी वर्षं रोजची होती हे माझ्या ध्यानात आलं.

डॉक्टर आणि विक्रेत्यांना माझं सांगणं आहे की मशीनबरोबर मास्क बसवून देणारं माणूसही द्या आणि पहिल्या महिन्यात आपणहून फोन करा. कुणी किती तास मशीन लावलं आणि हवा किती गळली, हे बहुतेक मशीनं स्वतःच नोंदवतात. ती नोंद बघायला कुणीतरी हवं.

आणि मैत्रिणींनो, सकाळी डोकं दुखत असेल, औषध घेऊनही रक्तदाब चढाच असेल, तर जवळ झोपणाऱ्या माणसाला तुमचं घोरणं मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगा आणि ते डॉक्टरांना ऐकवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मशीन आधीच घेऊन माळ्यावर टाकलं असेल तर ते खाली काढा आणि मास्कचं माप पुन्हा घ्यायला लावा. तुम्हाला जमलं नाही असं कुणी म्हणालं, तर आधी विचारा की मास्क कुणी बसवून दिला होता.