कोपीवरून परतलेली मुलं



दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातल्या कितीतरी वस्त्या आणि तांडे रिकामे होतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. ऊसतोडीसाठी नवरा-बायको मिळून एक कोयता होतो आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या साखर कारखान्याकडे निघतो. ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळी, सरपण आणि त्यांच्यामध्येच आपण शिकवतो त्या वर्गातलं एखादं पोर बसलेलं असतं. मार्च-एप्रिलात हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की ते परत येतं. तोवर वर्ग अपूर्णांकांपर्यंत पोचलेला असतो.

अशाच एका मुलाला मी भर वर्गात विचारलं होतं, "एवढे महिने कुठं होतास रे?" मला उत्तर माहीत होतं, साऱ्या वर्गालाही माहीत होतं. तो खाली मान घालून उभा राहिला आणि पुढचे चार दिवस शाळेत आलाच नाही. मी त्याला मारलं नव्हतं, शिवीही दिली नव्हती. पण बालकांच्या शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्यानं मारहाणीबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे, आणि माझा तो प्रश्न त्याच जातीचा होता, हे आज मी कबूल करतो.

त्याच्या घरी गेलो तेव्हा कळलं, कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या तळावरच्या झोपडीत, तो धाकट्या बहिणीला सांभाळत होता आणि संध्याकाळी वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकायला रस्त्यावर बसत होता. वाढ्यांच्या पेंढ्यांचा शेकड्याचा भाव काय, पावशेकडा घेतला तर किती पैसे, सुटे किती परत द्यायचे, हा हिशेब तो तोंडी करायचा. फळ्यावरचा गुणाकार मात्र त्याला येत नव्हता. मग आम्ही वर्गात वाढ्यांचीच उदाहरणं घेतली. ज्यांनी शाळेचा एकही दिवस बुडवला नव्हता ती मुलं त्याला विचारू लागली. शेकड्यावरून टक्केवारीकडे जायला फार दिवस लागले नाहीत. वाचन मात्र मागेच राहिलं होतं, आणि त्यासाठी गोड बोलणं पुरत नाही. रोज अर्धा तास वेगळं घेऊन बसावं लागलं. तो अर्धा तास इतरांवर अन्याय आहे असं एका पालकांनी मला सुनावलं. त्यांना मी एवढंच म्हणालो की तुमच्या मुलीला घरी तुम्ही शिकवता, याला घरी शिकवणारं कोणी नाही.

शाळा मुलापर्यंत नेण्याच्या या कामाची वाट आपल्याकडे जुनीच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. दलित वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला आदिवासी मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळाही कुरणात गेली. पोरांना शिकायचंच नाही, असं म्हणून त्या घरी बसल्या नाहीत.

आपल्याला कुरणात जायचं नाही. आपल्या हातातलं काम त्याहून सोपं आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी कोण जाणार, कोणत्या कारखान्यावर जाणार, हे आई-बापांना एकेकटं भेटून विचारा. गावात आजी-आजोबा असतील आणि हंगामी वसतिगृह चालू असेल तर मूल मागे ठेवण्याविषयी बोला. पण आईपासून लेकरू तोडण्याची सक्ती नको. जाणाऱ्याच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्या आणि तिथल्या शाळेला स्वतः फोन करा. कारखान्याजवळच्या शाळेत तुम्ही शिकवत असाल, तर दाखला नाही म्हणून मुलाला दारातून परत पाठवू नका. तसं करण्याची मुभा कायदाही देत नाही.

मुलांना भर वर्गात कमीपणा आणणारी आणखी एक सवय आपल्यापैकी अनेकांना आहे. शिष्यवृत्तीची यादी भर वर्गात जातवार वाचायची, आणि झाडायला, पाणी भरायला ठरावीक घरांतल्या पोरांना किंवा मुलींनाच उठवायचं. यादीतल्या मुलांना कागदपत्रांसाठी बाजूला बोलवा. झाडण्याच्या पाळ्या हजेरीपटाच्या क्रमानं लावा, त्यात सरपंचाचा मुलगाही येऊ द्या. हे करायला ना निधी लागतो, ना वरून परिपत्रक यावं लागतं.

पालकांनो, तुमचं मूल घरी येऊन "तो ऊसतोड्याचा आहे" असं म्हणालं, तर तिथंच थांबवा. त्या मुलाचं नाव काय, ते विचारा.

आणि पट्टा पडल्यावर मूल वर्गाच्या दारात दिसलं, तर पहिल्या आठवड्यात चाचणी घेऊ नका. आधी त्याची जागा दाखवा, शेजारी एक जोडीदार द्या, आणि चुकलेले धडे कोणते ते तुम्हीच त्याच्या वहीत लिहून द्या.