गाण्यातले नाव आणि वाजवणारे हात

'अमर अकबर अँथनी' हा १९७७ सालचा चित्रपट आपल्या वस्त्यांमध्ये कोणी पाहिला नसेल असे आम्हांला वाटत नाही. त्यातल्या मोठ्या अंड्यातून बाहेर येणाऱ्या अँथनीचे गाणे वरातीच्या बँडवरही वाजते. त्या गाण्यातले अँथनी गोन्साल्विस हे नाव मात्र काल्पनिक नाही. या नावाचे एक वादक खरोखर होऊन गेले. चित्रपटाचे संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यापैकी प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते. शिष्याने गुरूचे नाव गाण्यात घातले. ज्याने शेकडो गाण्यांसाठी राबून नाव मिळवले नाही, त्याचे नाव असे घरोघर पोहोचले.

गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ सालचा, गोव्यातल्या माजोर्डा गावचा. गोव्यात तेव्हा चर्चच्या गावशाळांतून मुलांना व्हायोलिन शिकवीत आणि कागदावर लिहिलेले स्वर, म्हणजे नोटेशन, वाचायलाही शिकवीत. ही विद्या घेऊन गोव्याची कितीतरी गरीब पोरे पोटासाठी मुंबईला आली. गावकऱ्यांनी चालवलेल्या 'कूड' नावाच्या खोल्यांत दाटीवाटीने राहिली. कामासाठी आलेली आपली माणसे भोसरीत एका खोलीत आठ-दहा जण राहतात, तशीच. गोन्साल्विस १९४३ च्या सुमारास मुंबईला आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले.

वाद्यवृंदाचे काम कसे चाले, तेही पाहू. संगीतकार हार्मोनियमवर चाल बसवी. पण पन्नास-साठ वादकांनी नेमके काय वाजवायचे, ते कागदावर उतरवावे लागे. हे काम अरेंजरचे. गोन्साल्विस ते करीत. शंकर-जयकिशन यांच्याकडे ते काम गोव्याचेच सेबास्टियन डिसोझा करीत. व्हायोलिनच्या रांगांमागे चेलो असे. चेलो म्हणजे व्हायोलिनचाच थोरला भाऊ. चार तारांचा, खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचा. त्याचा खालचा सूर माणसाच्या आवाजाच्या फार जवळ जातो. राहुलदेव बर्मन यांचे सहायक बासू चक्रवर्ती हे असेच नामांकित चेलोवादक. त्यांनी सॅक्सोफोनवादक मनोहारी सिंग यांच्यासोबत 'सबसे बडा रुपैया' (१९७६) या चित्रपटाला संगीतही दिले.

त्या काळी गायक आणि सारे वादक एकाच वेळी रेकॉर्डिंगला बसत. एकाचा हात चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. एवढी जबाबदारी, पण तबकडीवर नाव छापले जाई ते गायकाचे, संगीतकाराचे आणि गीतकाराचे. चेलोवाला कोण, व्हायोलिनवाला कोण, हे लोकांना कधी कळलेच नाही.

गोन्साल्विस यांच्या मनात मात्र मोठी गोष्ट होती. आपले राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणायचे. १९५८ साली त्यांनी मुंबईत शंभरावर वादकांचा वाद्यवृंद उभा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पण असे काम कायम चालवायचे तर पैसा लागतो, पाठबळ लागते. १९६५ मध्ये ते अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात गेले. पुढे माजोर्ड्याला परतले आणि गुपचूप राहिले. समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट काढला, तेव्हा लोकांना त्यांची पुन्हा आठवण झाली. १८ जानेवारी २०१२ रोजी ते वारले. शिष्य प्यारेलाल यांना २०२४ साली पद्मभूषण मिळाले.

मधल्या काळात सिंथेसायझर आला. तारांचे आवाज एका पेटीतून निघू लागले आणि पन्नास माणसांची जागा दोन-तीन माणसांनी घेतली. चाकणच्या मोटार कारखान्यांत वेल्डिंगच्या लाइनवर रोबो लागले, तेव्हा काय होते हे आपल्या घरांना सांगायला नको. हातात कसब असूनही काम सुटते, हे दुःख दोन्हीकडचे एकच.

तरीही एक गोष्ट आम्हांला मोलाची वाटते. गावच्या शाळेत मिळालेली वाचायची विद्या गोन्साल्विस यांना माजोर्ड्याहून मुंबईला आणि मुंबईहून अमेरिकेला घेऊन गेली. ती त्यांनी आपल्याजवळ कोंडून ठेवली नाही. प्यारेलाल यांना दिली, राहुलदेव यांनाही दिली. मुलगा तबला, बासरी, गिटार काहीही शिकत असो, कानाने उचलण्यावर थांबू नये. लिहिलेले स्वर वाचायलाही त्याने शिकावे. बाजारात यंत्र आले तरी ही विद्या कोणी हिसकावून घेत नाही.

येत्या रविवारी घरात जुनी गाणी लागली, तर पोरांना जवळ बसवा. कडवे संपून मधले संगीत सुरू झाले की त्यांना म्हणा, आता शब्द नाहीत, नीट ऐका. खालून एक जाड, गोड सूर येईल. तो चेलो. कोणीतरी माणूस खुर्चीवर बसून तो वाजवतो आहे.