मनगटाचे दुखणे आणि मालकाची जबाबदारी

संगणकाच्या कळफलकावर दिवसभर बोटे चालविणाऱ्याच्या अंगावर जखम दिसत नाही. म्हणून त्याच्या दुखण्यास कोणी श्रमाचे दुखणे मानीत नाही. प्रथम मनगट ठणकते, मग बोटांना मुंग्या येतात, अखेर हातात पेला धरवत नाही. हा दैवाचा फेरा नव्हे. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामात्झिनी याने कारकुनांच्या हातांची ही व्यथा १७१३ सालीच नोंदविली होती. तारयंत्र चालविणाऱ्यांच्या हाताला येणारे पेटके ब्रिटनने १९०८ साली भरपाईस पात्र ठरविले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीतही मनगटाच्या विकारांना स्थान आहे.

आपल्याकडे मात्र १९८७ साली कारखाने कायद्यात स्पष्टीकरण घालण्यात आले की, केवळ संगणक बसविल्याने एखादी जागा कारखाना ठरत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने कायद्याची कक्षा कार्यालयांपर्यंत नेली, परंतु सरकारला कळवावयाच्या रोगांच्या तिच्या यादीत शिसे आहे, पारा आहे, सिलिकोसिस आहे, मनगट नाही.

बाजाराने यावर उपाय काढला आहे तो दुभंगलेल्या कळफलकाचा. नेहमीच्या सरळ कळफलकावर मनगटे करंगळीच्या बाजूस वाकतात. दोन भागांच्या कळफलकावर ती बरीचशी सरळ राहतात. साधन उपयुक्त आहे, त्याची हेटाळणी करण्याचे कारण नाही. परंतु हात किती वेळ व किती वेगाने राबावा हे कळफलक ठरवीत नाही, मालक ठरवितो. नोंदींच्या संख्येवर मजुरी मिळत असेल, तर घटकाभर विसावा म्हणजे मजुरीत कपात. अशा कामगाराने पदरमोड करून महागडा कळफलक घ्यावा, असे सुचविणे म्हणजे रोगाबरोबर त्याचा खर्चही त्याच्याच माथी मारणे होय. खाण कामगाराने शिरस्त्राण घरून आणावे, असे आज कोणी म्हणेल काय?

हा प्रश्न मूलतः सत्तेचा आहे. अमेरिकेत अशा विकारांना आळा घालणारा नियम नोव्हेंबर २००० मध्ये जाहीर झाला. उद्योगपतींच्या संघटनांनी विरोध केला आणि मार्च २००१ मध्ये तेथील काँग्रेसने तो रद्द केला. कामगारांचा रेटा नसेल, तर विज्ञानाने दिलेले कायदा हिरावून घेऊ शकतो.

१९८० च्या दशकात आपल्या बँक कर्मचारी संघटना संगणकीकरणाविरुद्ध लढल्या. तो लढा मुख्यतः नोकऱ्या वाचविण्याचा होता. आता त्या यंत्रापुढे बसणाऱ्या देहाचा प्रश्न हाती घेतला पाहिजे. योग्य कळफलक, खुर्ची व मेज मालकाच्या खर्चाने मिळावे. ठरावीक अंतराने पगारी विश्रांती मिळावी. मनगटाच्या विकारांचा समावेश रोगांच्या सरकारी यादीत व्हावा. कार्यकर्त्यांनी या तीन मागण्या घेऊन कार्यालयांच्या दारांशी उभे राहावे. तेथील पांढरपेशाला आपण कामगार आहोत याची जाणीव कदाचित घोषणेपूर्वी त्याचे दुखरे मनगटच करून देईल.