दस्त खुला असावा, ठसा नव्हे

बेंगळूरुच्या पूर्वेस, व्हाइटफील्डच्या माहिती-तंत्रज्ञान संकुलांकडे जाणारी वाहने ज्या के. आर. पुरममध्ये रोज खोळंबतात, तिथेच बेंगळूरु पूर्व तालुक्याचे मुख्यालय आहे आणि दस्तनोंदणीचे कार्यालयही. गेल्या काही दशकांत या भागातील शेतजमिनींचे भूखंड झाले, भूखंडांवर सदनिका उभ्या राहिल्या आणि प्रत्येक व्यवहारागणिक घेणाऱ्या-देणाऱ्यांची छायाचित्रे व बोटांचे ठसे असलेला एकेक दस्त सरकारदप्तरी जमा होत गेला. हे दप्तर संगणकात गेल्यावर ते कोणाला, किती उघडता यावे, हा प्रश्न तांत्रिक ठरवून संगणक विभागाकडे सोपवला जातो. माझ्या मते तो नागरिकांच्या हक्कांचा प्रश्न आहे, आणि त्यात सैलपणा जितका घातक तितकाच सरसकट कुलूपबंदीचा सोस.

सैलपणाची किंमत बेंगळूरुने २०२३ मध्ये पाहिली. आधारवर आधारित बँक व्यवहारात खातेदाराचा आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढे पुरते. मोबाइलवरील सांकेतिक क्रमांक लागत नाही. शहरातील अनेकांच्या खात्यांतून अशा मार्गाने पैसे गेले, तेव्हा संशयाची सुई कर्नाटकच्या ‘कावेरी’ या नोंदणी प्रणालीतून मिळणाऱ्या दस्तांच्या प्रतींकडे वळली. त्यानंतर प्रतींवरील ठसे झाकण्याचा निर्णय झाला. खेदाची बाब अशी की, हा धोका नवा नव्हता. तेलंगणात २०१८ मध्येच नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरील दस्तांतून ठसे उचलून, त्यांच्या प्रतिकृती बनवून हजारो सिमकार्डे सुरू केल्याचे प्रकरण उघडकीस आले होते. शेजारच्या राज्याने त्यातून धडा घेण्यास पाच वर्षे लावली.

दस्तावर ठसे आले कोठून? नोंदणी कायदा १९०८ चा. त्यात २००१ च्या दुरुस्तीने कलम ३२-अ घालून छायाचित्र व ठसे सक्तीचे केले गेले. हेतू तोतयेगिरी रोखण्याचा होता आणि तो रास्तच होता. पण त्याच कायद्याचे कलम ५७ सांगते की, स्थावर मिळकतीच्या नोंदींचे पुस्तक क्रमांक १ शुल्क भरून कोणालाही पाहता येते. कागदी वहीच्या काळात या दोन तरतुदी सुखाने नांदल्या, कारण वही पाहायला कार्यालयात जावे लागे, कारकुनासमोर बसावे लागे. वहीचे पान स्कॅन होऊन घरबसल्या उतरवून घेता येऊ लागले, तेव्हा ओळख पटवण्याचे साधनच ओळख चोरण्याचे साधन बनले.

याच कलम ५७ मधील पुढचा भाग आपले धोरणकर्ते विसरतात. मृत्युपत्रांच्या आणि संकीर्ण दस्तांच्या पुस्तकांना, म्हणजे क्रमांक ३ व ४ ला, त्याच कायद्याने वेगळा, मर्यादित प्रवेश ठेवला आहे. शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच्या कायदेकर्त्यांना एवढे कळत होते की, एकाच कार्यालयातील सर्व कागद एकाच किल्लीने उघडू नयेत. आमच्या संकेतस्थळांना मात्र ते कळत नाही.

त्याचे कारण या संकेतस्थळांच्या रचनेत आहे. मजकूर व फायली सांभाळणाऱ्या प्रणालीत कर्मचारी एखादी यादी चढवतो, तेव्हा त्या फाईलला स्वतःचा पत्ता मिळतो. पानावर प्रवेशशब्द मागितला जात असला, तरी प्रवेश तपासणारी व्यवस्था फाईलपर्यंत पोहोचत नसेल, तर तो पत्ता ठाऊक असणाऱ्याला ती थेट उघडते; शोधयंत्राने तो टिपला, तर कोणालाही. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची ‘एस३वास’ ही सेवा शेकडो सरकारी संकेतस्थळांचा पाया आहे. तिच्यातील अशाच प्रकारच्या चुकीमुळे आधार क्रमांक व लसीकरणाचे तपशील उघड्यावर राहिल्याचे वृत्त मार्च २०२४ मध्ये आले. संशोधकाने ही बाब २०२२ मध्येच कळवली होती. त्याआधी २०१७ मध्ये सुमारे २१० सरकारी संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावे आधार क्रमांकासह झळकत असल्याचे प्राधिकरणाने मान्य केले होते. आधार कायद्याच्या कलम २९ ने असे प्रसिद्धीकरण स्पष्टपणे निषिद्ध केलेले असताना हे घडले.

अशा वृत्तांनंतर मंत्रालयांचा पहिला प्रतिसाद असतो सगळेच बंद करण्याचा. तो सोयीचा आहे, कारण फायलीबरोबर प्रश्नही बंद होतात. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ स्वयंप्रेरणेने माहिती प्रसिद्ध करण्यास सांगते. पण वैयक्तिक माहितीविषयीचे कलम ८(१)(ज) विदासंरक्षण कायद्याने बदलले आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. आता ‘वैयक्तिक’ एवढा शब्द नकारासाठी पुरू शकतो. रोजगार हमीच्या हजेरीपटावरील नावे झाकली, तर खोटे मजूर कोण शोधणार? के. आर. पुरमसारख्या भागात तलावाची वा सरकारी जमीन कोणाच्या नावे झाली, हे दस्त न पाहता कसे उमगणार?

मधला मार्ग आहे, आणि तो महाराष्ट्राच्या वाचकांना परिचित आहे. सूची क्रमांक २ मध्ये पक्षकारांची नावे, मिळकतीचे वर्णन, मोबदला, बाजारमूल्य असते, ठसे नसतात. फसवणूक टाळू पाहणाऱ्या खरेदीदारास प्राथमिक तपासासाठी बहुधा तेवढे पुरते. (सूचीच्या नमुन्यात पॅन क्रमांकाचाही रकाना आहे; तो जगाला दिसण्याचे काहीच कारण नाही.) संपूर्ण दस्त हवा असेल, तर मागणाऱ्याची ओळख घ्यावी, कोणी कधी कोणती प्रत नेली याची नोंद ठेवावी आणि ठसे मूळ प्रतीतच राहू द्यावेत.

यासाठी जुनी प्रणाली बदलावी लागेल, हे उघड आहे. परंतु आपल्याकडे प्रणाली बदलणे म्हणजे उद्घाटन. ड्रुपल या बहुवापरातील प्रणालीची २०११ मधील सातवी आवृत्ती ५ जानेवारी २०२५ रोजी तिच्या निर्मात्यांच्या आधाराला मुकली. ही तारीख बरीच आधी जाहीर होती. निविदेत संकेतस्थळ उभारण्याचा खर्च असतो, पुढच्या दहा वर्षांच्या दुरुस्त्यांचा क्वचितच. शिवाय नवे म्हणजे अभेद्य नव्हे. ‘कावेरी २.०’ राज्यभर लागू होऊन दोन वर्षे होण्याआधीच, २०२५ च्या प्रारंभी, बनावट खात्यांवरून बोजा प्रमाणपत्रांच्या शोधाचा भडिमार झाला आणि राज्यातील नोंदणीचे काम विस्कळीत झाले. एका खात्याने तासाभरात किती शोध घ्यावेत, याची मर्यादाही प्रवेशनियंत्रणच असते.

आणि आधीच उतरवून घेतल्या गेलेल्या दस्तांचे काय? प्रवेशशब्द बदलता येतो, बोट बदलता येत नाही. आधारवरील जैविक ओळख ‘लॉक’ करण्याची सोय आहे, पण ती वापरायची हे ज्यांना ठाऊक नाही, अशा वृद्ध जमीनमालकांचेच ठसे जुन्या दस्तांवर सर्वाधिक असणार. माहिती फुटल्यास संबंधितास कळवण्याचे बंधन नव्या विदासंरक्षण कायद्यात आहे. ते प्रत्यक्ष लागू व्हायला मात्र २०२७ उजाडेल. नोंदणी विभागाकडे प्रत्येक पक्षकाराचा पत्ता आहे. तोवर थांबण्याऐवजी त्या पत्त्यांवर एक साधे पत्र, कन्नडमध्ये, आजही पाठवता येईल.